खांद्याचा रुसवा

दिवाळीच्या पहाटे घराघरांतून कोमट तेलाच्या वाट्या निघतात आणि वर्षातून एकदा का होईना, घरातल्या थोरामोठ्यांच्या अंगाला दुसऱ्याचा हात लागतो. नेमक्या त्याच वेळी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची लपविलेली अडचण उघडी पडते. उजवा हात कानापर्यंत जात नाही. सदऱ्याच्या बाहीत हात घालताना तोंड वाकडे होते. बायकांना वेणी घालता येत नाही की फळीवरचा डबा काढता येत नाही. "काही नाही, जरा आखडलाय," असे म्हणून ते माणूस वेळ मारून नेते. पण तेल लावणाऱ्याच्या हाताला खरे काय ते कळलेले असते.

या आखडलेल्या खांद्याचा आणि तो नुसत्या हातांनी सोडवू पाहणाऱ्या माणसांचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय वैद्यकाचा असला तरी मी वैद्य नव्हे. अकोल्याच्या जुन्या शहरात वाढलेला आणि जुनी पुस्तके चाळण्याचा नाद लागलेला एक सामान्य माणूस आहे. पण हा विषय वैद्यांइतकाच पैलवानांचा, हमालांचा आणि आजीबाईंचाही असल्यामुळे मी त्यात तोंड घातले तर कोणी रागावू नये.

प्रथम खांदा म्हणजे काय ते पाहू. मांडीचे हाड कमरेच्या खोल वाटीत बसलेले असते. खांद्याची बैठक तशी नाही. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याला टेकायला फऱ्याच्या हाडावरची खोबण लहान व उथळ. चिमुकल्या बशीवर भला मोठा लाडू ठेवावा तशी ही रचना. म्हणूनच हा सांधा शरीरातल्या सर्व सांध्यांत अधिक फिरता, आणि मोठ्या सांध्यांत सर्वांत अधिक वेळा निखळणाराही हाच. सांध्याभोवती एक सैलसर पिशवी असते. ती सैल आहे म्हणून हात चहूबाजूंना फिरतो. हीच पिशवी काही कारणाने सुजली, जाड झाली आणि आकसली, की हात कोणत्याच दिशेला पुरता जात नाही. गंमत अशी की, स्वतः रोग्याने हात उचलला तरी जात नाही आणि दुसऱ्याने उचलून दिला तरीही जात नाही. नुसत्या दुखण्यात आणि आखडण्यात हाच फरक.

पाश्चात्य वैद्यांना या दुखण्याला नाव द्यावयास बराच काळ लागला. पॅरिसच्या द्युप्ले नावाच्या शस्त्रवैद्याने १८७२ साली त्याचे वर्णन केले. पुढे १९३४ मध्ये बोस्टनच्या कॉडमनने खांद्यावरच एक मोठा ग्रंथ लिहिला व या विकाराला 'गोठलेला खांदा' हे नाव दिले. इंग्रजीतले 'फ्रोझन शोल्डर' ते हेच. कॉडमन मोठा प्रांजळ मनुष्य असावा. हा विकार नीट सांगता येत नाही आणि त्यावर उपाय करणेही अवघड जाते, हे त्याने ग्रंथातच कबूल करून टाकले. १९४५ साली नेव्हियासर या अमेरिकन शस्त्रवैद्याने सांधा उघडून पाहिला आणि दोष त्या आकसलेल्या पिशवीत आहे हे दाखविले.

आपल्याकडे मात्र नाव फार पूर्वीच पडले होते. सुश्रुताने वातव्याधींत 'अवबाहुक' सांगितला आहे. खांद्याच्या ठिकाणी राहिलेला वायू तेथील बंधने सुकवितो आणि शिरा आकुंचित करतो, असा त्याचा आशय. सुकणे आणि आकसणे या दोन शब्दांत दुखण्याचे मर्म आले नाही असे कोण म्हणेल? याच सुश्रुताने निखळलेला खांदा बसविण्याची रीतही दिली आहे, आणि तिच्यातले हत्यार म्हणजे घरातले मुसळ! मुसळाने काख वर उचलावी, सांधा जागेवर आला की स्वस्तिकाच्या आकाराचा पट्टा बांधावा, असे तो सांगतो. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथात काखेत टाच देऊन खांदा बसविण्याची युक्ती आहे. त्यानंतर खांदा कसा चोळावा हेही तेथे सांगितले आहे. चोळण्याने सैल सांधा घट्ट होऊ शकतो आणि घट्ट सांधा सैलही होऊ शकतो, असे त्या ग्रीक वैद्याचे म्हणणे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा हाताने खांदा सुधारण्याची विद्या कोणा एका देशाची म्हणता येणार नाही.

आता वऱ्हाडाकडे वळू. आमच्या भागाला खांद्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. मग अकोला, खामगाव, अमरावती येथे बाजार फुगले, जिन आणि प्रेस उभे राहिले. इतिहासाच्या पुस्तकात या भरभराटीला भाव, आकडे आणि साहेबांची नावे मिळतात. पण बंडीतून उतरलेला कापूस, बांधलेल्या गाठी, सरकीची पोती हे सारे कोणाच्या तरी खांद्यावरून गेले, त्याची नोंद कोठे मिळत नाही. श्रावणातल्या अखेरच्या सोमवारी अकोल्याचे भाविक गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणतात व राजराजेश्वराला घालतात. ज्याने ही कावड एकदा खांद्याला लावली आहे, त्याला खांदा म्हणजे काय हे शरीरशास्त्राच्या पुस्तकावाचून कळते.

असे राबणारे खांदे दुखले तर जायचे कोठे? बहुतेकांची वाट तालमीकडे जाई. आखाडा ही आपल्याकडे नुसती कुस्तीची जागा कधीच नव्हती. लाल मातीत हात निखळणार, मान लचकणार, हे ठरलेलेच. तेव्हा ते बसविणाराही तेथेच तयार होई. वस्ताद शिष्याला डाव शिकवी तसा चोळण्याचा हातही शिकवी. बडोद्याला जुम्मादादांच्या व्यायाममंदिराची परंपरा चालविणारे राजरत्न प्रोफेसर माणिकराव शस्त्रविद्येइतकेच हाडे व सांधे बसविण्यासाठी प्रसिद्ध होते. १९५४ साली ते वारले. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात मराठीत 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. तोंडी चालत आलेली विद्या कागदावर आणण्याचे एवढे मोठे काम आपल्या भाषेत झाले, याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही.

अमरावतीस वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिकडे जाऊन कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. वऱ्हाडच्या तालमींना या घटनेने केवढा हुरूप आला असेल! आमच्या लहानपणी गावोगावचे वस्ताद बर्लिनची गोष्ट अशा थाटात सांगत, जणू स्वतःच आगबोटीत बसून गेले होते.

असा एक वस्ताद मी जवळून पाहिला. १९६३ च्या सुमाराची गोष्ट. माझे काका अकोल्यात एका अडत्याकडे मापारी होते. काटा धरणे, पोते सरकविणे, मापाची हाळी देणे हे त्यांचे काम. पन्नाशी उलटली आणि त्यांचा उजवा खांदा आखडू लागला. आधी रात्रीची ठणक, मग हात आखूड. भाद्रपदात दुखणे लागले आणि दिवाळीपर्यंत हात छातीच्या वर जाईना. ऐन कापसाच्या हंगामात अडत्याने दुसरा मापारी लावला. घरात बोलून कोणी दाखवीत नव्हते, पण काकूने त्या वर्षी फराळाचे जिन्नस निम्म्यावर आणले, हे आम्हा पोरांनाही समजले. कोणाच्या तरी सांगण्यावरून काका आठवडी बाजारात बसणाऱ्या एका हाड बसविणाऱ्याकडे गेले. त्याने हात धरून असा हिसका दिला की, काका पंधरा दिवस झोपले नाहीत.

नंतर ते तालमीतल्या वस्तादांकडे गेले. सोबत मी होतो. वस्तादांनी आधी सदरा काढायला लावला आणि बराच वेळ नुसते पाहिले.

"भाऊ, तरास काय होते सांगा."

"फेटा बांधता येत नाही वस्ताद. घरातली बांधून देते, तं लाज वाटते मले."

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी लसूण व ओवा घालून कढविलेले तीळतेल कोमट करून आणले. डाव्या हाताने काकांचा फरा दाबून धरला आणि उजव्या हाताने कोपर पेलून हात अगदी हळूहळू फिरवू लागले. आधी पुढे, मग मागे, मग लहानशी वर्तुळे. जेथे काकांचा श्वास अडे तेथे वस्तादांचा हात थांबे. जोर करीत नसत, मागेही घेत नसत. तेथेच चार श्वास थांबून राहत आणि मग तसूभर पुढे जात. मला वाटले होते की, कडकड आवाज होईल. आवाज काही झाला नाही. मी धीर करून विचारले, "वस्ताद, एकदाच जोरात ओढून मोकळा काहून नाही करत?"

ते म्हणाले, "अरे पोरा, आखडलेला सांधा म्हंजे रुसलेला जावाई. वढत नेला तं येत नाही. गोडीनं बोलावला तं येते."

हे एक दिवसाआड चाले. घरी गेल्यावर भिंतीवर बोटांनी चढायचे, जेथवर बोट पोचेल तेथे कोळशाची खूण करायची, असा त्यांचा हुकूम होता. त्या भिंतीवर हंगाम संपेपर्यंत काळ्या खुणांची शिडी झाली. चैत्रात काकांनी गुढी स्वतःच्या हाताने उभारली. अडत्याचे काम मात्र परत मिळाले नाही. त्यांनी पुढे किराणा दुकानात हिशेब लिहिले.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण निराळे आहे. पुष्कळ वर्षांनी अमेरिकेतील ऑस्टिओपॅथी नावाच्या उपचारपद्धतीविषयी वाचताना मला या वस्तादांचा हात पुन्हा दिसला. तिचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल, जन्म १८२८ चा. मेंदूज्वराने त्याची तीन मुले १८६४ साली दगावली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्याने आपले नवे मत जाहीर केले. हाडे व सांधे यांची ठेवण नीट असली तर शरीर स्वतःच स्वतःला सुधारते, असा त्याचा सिद्धांत. गावोगाव हिंडून तो हाडे बसवी आणि लोक त्याला भोंदू म्हणत. १८९२ साली मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे त्याने शाळा काढली. स्टिलची सगळीच मते टिकली असे नाही. हाताने सारे रोग बरे होतात ही कल्पना आज कोणी शहाणा माणूस धरणार नाही. पण सांध्यांवरची त्याच्या शिष्यांची कारागिरी टिकली. अमेरिकेत या पंथाच्या पदवीधरांना आज इतर डॉक्टरांसारखाच पूर्ण वैद्यकीय अधिकार आहे.

या पंथातल्या स्पेन्सर नावाच्या वैद्याने १९१६ साली खांद्यासाठी सात हालचालींचा एक क्रम प्रसिद्ध केला. रोग्याला कुशीवर निजवावे, दुखरा खांदा वर ठेवावा. एका हाताने फरा स्थिर धरावा. दुसऱ्या हाताने रोग्याचा हात मागे न्यावा, पुढे न्यावा, कोपर दुमडून लहान वर्तुळात फिरवावा, हात लांब करून किंचित ताण देत फिरवावा, बाजूला उचलावा, आत वळवावा आणि शेवटी हलकेच ओढून सोडावा. प्रत्येक वेळी अडथळा लागेल तेथवरच जावयाचे. वाचकहो, अकोल्याच्या वस्तादांनी स्पेन्सरचे नाव ऐकले असणे शक्य नाही आणि स्पेन्सरला अकोला ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी एक हात फऱ्यावर, दुसरा कोपराखाली, आणि अडेल तेथे थांबावयाचे, ही रीत दोघांची एकच! सांध्याची घडण सर्वत्र सारखी, तेव्हा सावधपणे काम करणारा हात अखेर त्याच वाटेने जाणार.

या हातांना मान मिळावयास मात्र फार वेळ लागला. लंडनचे नामांकित शस्त्रवैद्य सर जेम्स पॅजेट यांनी १८६७ सालच्या एका व्याख्यानात आपल्या व्यवसायबंधूंना बजावले की, हाडे बसविणाऱ्या अडाणी लोकांच्या हातून बरे होणारे रोगी असतात. तेव्हा त्यांच्याकडून चांगले ते शिका आणि वाईट ते टाळा. ऐकणारे थोडेच निघाले. हर्बर्ट बार्कर हा असाच एक पदवी नसलेला हाड बसविणारा. त्याच्या रोग्यांना भूल देण्याचे काम डॉक्टर ॲक्सहॅम करीत. एवढ्याच 'गुन्ह्या'साठी १९११ साली त्यांचे नाव वैद्यकीय पटावरून खोडण्यात आले. पुढे १९२२ मध्ये बार्करला सरकारने 'सर' केले. म्हातारे ॲक्सहॅम मात्र पटाबाहेरच राहिले आणि १९२६ साली वारले. उपचार करणाऱ्याला पदवी आणि त्याला साह्य करणाऱ्याला शिक्षा, असा हा न्याय!

तिकडे स्वीडनमध्ये पेर हेनरिक लिंग याने १८१३ सालीच स्टॉकहोमला व्यायामाची मध्यवर्ती संस्था काढून मर्दन व वैद्यकीय व्यायाम यांना शास्त्राची शिस्त लावली होती. त्या ओळीतून आजची फिजिओथेरपी वाढली. आपल्याकडे ती पोलिओच्या साथींच्या काळात स्थिरावली. १९५२-५३ च्या सुमारास मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या जोडीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने, फिजिओथेरपीची शाळा निघाली. १९५५ मध्ये मुंबईतच अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यावयास २००२ साल उजाडले. म्हणजे काकांचा खांदा आखडला तेव्हा ही विद्या मुंबईत होती, पण मुंबईचे तिकीट काढून तेथे महिनोन् महिने राहणे मापाऱ्याच्या आवाक्यातले नव्हते. वऱ्हाडातल्या गरिबाला तालीम हाच दवाखाना होता.

येथे एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. गोठलेला खांदा बहुधा एक ते तीन वर्षांत आपोआपच पुष्कळसा सैल होतो, असे आज सर्व वैद्य सांगतात. मग काकांचा खांदा वस्तादांनी सोडविला की काळाने?

या प्रश्नाचे उत्तर भक्तीने द्यावयाचे नाही, मोजून द्यावयाचे. २००२ साली अमेरिकेत २९ वृद्धांवर स्पेन्सरच्या पद्धतीची परीक्षा झाली. एका गटाला खरा उपचार दिला, दुसऱ्याला उपचाराचा नुसता भास. चौदा आठवड्यांत दोन्ही गटांचे खांदे अधिक फिरू लागले आणि दोघांचेही दुखणे कमी झाले! पण उपचार थांबल्यावर फरक दिसला. ज्यांना खरा उपचार मिळाला होता त्यांची हालचाल पुढेही वाढत राहिली, तर दुसऱ्या गटाची मागे गेली. २९ हा आकडा लहान आहे, त्यावर मनोरे रचू नयेत. २०२० साली इंग्लंडातील एका मोठ्या परीक्षेत गोठलेल्या खांद्याच्या ५०३ रोग्यांवर तीन उपाय तोलून पाहिले: भूल देऊन सांधा मोकळा करणे, दुर्बिणीने पिशवी सोडविणे, आणि सांध्यात औषधाची सुई देऊन शिस्तीने फिजिओथेरपी करणे. वर्षअखेर तिन्ही गट सुधारले. दुसऱ्या दोन्हींहून ठळकपणे सरस असा एकही ठरला नाही.

यावरून मला समजले ते असे. खांदा बरा करण्यात काळाचा वाटा मोठा आहे. हाताचा वाटा त्याहून लहान, पण खोटा नाही. दुखण्याच्या भीतीने माणूस हात छातीशी धरून बसतो, आणि न वापरलेला खांदा आणखी आखडतो. तो हात रोज थोडा हलता ठेवणे, कोठवर गेले तर धोका नाही हे रोग्याला त्याच्याच अंगावर दाखविणे, आणि बरे होण्यास लागणाऱ्या लांबलचक महिन्यांत त्याला एकटे न सोडणे, एवढे काम जाणता हात करतो. बाजारातल्या त्या हिसका देणाऱ्याचेही दोन हातच होते. वस्तादांना थांबण्याची जागा ठाऊक होती, एवढाच दोघांत फरक. पण विद्या काय ती तेवढ्यातच होती.

सणाच्या दिवशी उपदेश करू नये, तरी एक-दोन गोष्टी सांगून ठेवतो. हा विकार चाळिशी-साठीच्या दरम्यान अधिक, पुरुषांपेक्षा बायकांत अधिक, आणि मधुमेह असलेल्यांत तर कितीतरी अधिक आढळतो. तेव्हा घरात कोणाचा खांदा कारणावाचून आखडू लागला तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. पडून-आपटून दुखावलेला खांदा, ताप असलेला खांदा, किंवा डाव्या खांद्याबरोबर छातीत कळ असेल तर तेलाची वाटी बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. खरा वस्तादही हेच सांगेल.

राहता राहिली ती एक हळहळ. पॅजेटचे व्याख्यान छापलेले आहे, स्पेन्सरच्या सात हालचाली छापलेल्या आहेत, म्हणून त्यांची परीक्षा घेता आली. त्यातले काय टिकते आणि काय नाही ते कळले. आमच्या वस्तादांनी काहीच लिहून ठेवले नाही. त्यांच्या तालमीतली माती केव्हाच उपसली गेली आणि हाताची ती खूण त्यांच्याबरोबर गेली. वऱ्हाडात अजूनही काही जुनी माणसे असतील, ज्यांनी अशा वस्तादांच्या हाताखाली तेलाची वाटी धरली आहे. त्यांच्याजवळ बसून कोणा तरुणाने, विशेषतः फिजिओथेरपी शिकलेल्या मुला-मुलींनी, त्यांचे हात कसे चालतात ते पाहून टिपून ठेवावे. त्यातले निम्मे निरुपयोगी निघेल, काही घातकही निघेल. ते खुशाल टाकून द्यावे. पण टाकायचे की ठेवायचे हे ठरविण्यासाठी ते आधी कागदावर आले पाहिजे, आणि त्यासाठी आता फार वर्षे हाताशी उरलेली नाहीत.